क्षेपकांचा भार

एम.ए.च्या अभ्यासक्रमात पाठचिकित्सा हा सर्वांत रुक्ष भाग समजला जातो. संहिता, पाठभेद, क्षेपक, प्रतींची वंशावळ हे शब्द विद्यार्थी परीक्षेपुरते पाठ करतात आणि उत्तरपत्रिकेवर उतरवून मोकळे होतात. शिकवणाऱ्यांचीही मनोमन समजूत अशीच असते, की हे काम आता आटोपले आहे. पोथ्या वाळवीने खाल्ल्या किंवा संशोधन मंडळांच्या कपाटांत गेल्या, छापखाना आला, ग्रंथ स्थिर झाले. आता लेखनिकाने गाळलेल्या ओळींचा किंवा घुसडलेल्या ओव्यांचा हिशोब मांडत कोण बसणार? ही समजूत मला पटत नाही. ज्या वयाच्या मुलांना आपण हा विषय शिकवतो, त्यांच्यातील बरीच मुले रात्री जागून नेमके हेच काम करत असतात. फरक इतकाच, की त्यांच्यापुढची संहिता पोथीत नसून संगणकावरच्या किंवा फोनवरच्या खेळात असते आणि क्षेपकाला ती 'मॉड' म्हणतात.

ज्यांचा या प्रकाराशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे भाग आहे. मॉड म्हणजे मूळ निर्मात्याने तयार करून विकलेल्या खेळात इतर कोणी, बहुधा हौसेने आणि फुकट, घातलेली भर अथवा केलेला बदल. एखादा नवा पोशाख, नवे गाव, बदललेले हवामान, दुकानदाराच्या तोंडी नवे संवाद यांपैकी काहीही त्यात येऊ शकते. 'स्कायरिम' हा खेळ ११ नोव्हेंबर २०११ रोजी प्रसिद्ध झाला. त्याला इतकी वर्षे उलटून गेली तरी तो खेळला जातो, याचे मोठे श्रेय अशा मॉडना आहे. मॉड रचणाऱ्यांना आमचे विद्यार्थी 'मॉडर' म्हणतात. मी त्यांना 'मॉडकार' म्हणतो; टीकाकार, भाष्यकार यांच्या रांगेत तो शब्द बरा बसतो, आणि ती रांग त्यांना शोभते असे माझे मत आहे.

आता अडचण अशी, की एक मॉड घातला की खेळ नीट चालतो, दहा घातले तरी चालतो, आणि दीडशे घातले की कधी चालतो, कधी मध्येच मान टाकतो. हौशी खेळाडूंमध्ये याविषयी जितकी चर्चा होते तितकी प्रत्यक्ष खेळाविषयीही होत नसेल. मॉड किती घालावेत, कोणत्या क्रमाने घालावेत, कोणते एकमेकांच्या मुळावर येतात, खेळ बंद पडला तर दोषी कसा शोधावा, यांवर पुस्तकाएवढी मार्गदर्शिका लिहिणारे लोक आहेत. बाहेरून पाहणाऱ्याला हा निव्वळ छांदिष्टपणा वाटतो. 'खेळायचे सोडून हे काय करत बसतात?' असे एका सहकाऱ्यांनी मला विचारले होते. तुकोबांचा अभंग म्हणायचे सोडून गाथेच्या प्रती कशाला पडताळायच्या, असे मात्र त्यांनी कधी विचारले नव्हते.

खेळ अस्थिर का होतो, हे समजून घेताना संख्येपाशीच थांबण्याचा मोह होतो. संख्येला मर्यादा आहे, हे खरे. मूळ 'स्कायरिम' प्रत्येक मॉडच्या प्लगिन नावाच्या फाइलीला दोन अंकी षोडशमान क्रमांक देतो. त्यामुळे जागा होतात २५६, आणि त्यांतली शेवटची खेळात जागच्या जागी निर्माण होणाऱ्या वस्तूंसाठी राखीव असते. म्हणजे मूळ खेळाच्या स्वतःच्या फाइली धरून २५५. पुढे २०१६ साली आलेल्या विशेष आवृत्तीत 'हलक्या' प्लगिनांची सोय झाली. एकाच क्रमांकाखाली अशी ४०९६ प्लगिने बसू लागली आणि ही भिंत बरीच मागे सरकली. पण भिंत मागे सरकल्याने खेळ स्थिर झाले नाहीत. अनुभवी खेळाडू आठशे प्लगिनांचा डाव सुखरूप शेवटास नेतो आणि नवशिक्याचा डाव पंधरा मॉडमध्ये कोलमडतो. अर्थात 'फार' हे प्रमाण आकड्यात सापडत नाही. आपण घातलेली भर संहितेतील कोणत्या स्थळाला स्पर्श करते, हे ज्या क्षणी घालणाऱ्याला सांगता येईनासे होते, त्या क्षणी मॉड फार झाले, अशी व्याख्या मी करीन.

एक उदाहरण पाहू. खेळात एक दुकानदार आहे. त्याची सारी माहिती, म्हणजे नाव, चेहरा, स्वभाव, दिनक्रम, खिशातले सामान, एका नोंदीत असते. एका मॉडकाराने त्याचा चेहरा देखणा केला. दुसऱ्याने चेहऱ्याला हात न लावता त्याचा दिनक्रम बदलला. दोघांचेही काम आपापल्या जागी निर्दोष आहे. परंतु खेळाचा नियम असा, की एकाच नोंदीवर दोघांनी हक्क सांगितला तर जो शेवटी वाचला जातो त्याची संपूर्ण नोंद खरी. आधीच्याची सगळी नोंद रद्द. खेळ दोन्ही बदल एकत्र करत बसत नाही. आता दुसरा शेवटी आला तर नोंदीत जुना चेहरा राहतो. पण पहिल्या मॉडने आणलेल्या चेहऱ्याच्या फाइली मात्र डिस्कवर तशाच असतात. नोंद एक सांगते, चित्र दुसरे दाखवते, आणि पडद्यावर त्या दुकानदाराचे तोंड काळवंडलेले दिसते. खेळाडूंमध्ये हा 'काळ्या चेहऱ्याचा' दोष सुप्रसिद्ध आहे. ज्याने कधी दोन प्रती ताडून पाहिल्या आहेत त्याला हा दोष लगेच ओळखू येईल. एका प्रतीतला चरण दुसऱ्या प्रतीतल्या अन्वयाला जोडला, की ओवीचे असेच होते.

यावर या लोकांनी जे उपाय शोधले ते पाहिले, की आपल्या विद्याशाखेतील माणसाला आपले घर दुसऱ्याच्या गल्लीत सापडल्यासारखे वाटते. 'एक्सएडिट' नावाचे एक साधन आहे. त्यात एकच नोंद उघडली, की मूळ खेळातला पाठ पहिल्या स्तंभात आणि प्रत्येक मॉडमधला पाठ पुढच्या स्तंभांत ओळीने दिसतो. जिथे भेद असेल तिथे रंग बदलतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम सुरू झाले, तेव्हा शेकडो हस्तलिखिते श्लोक-श्लोक ताडून पाहण्यासाठी कागदावर असेच तक्ते आखावे लागले. सुकथनकरांनी १९३३ साली आदिपर्व पूर्ण केले. सगळा ग्रंथ पुरा व्हायला १९६६ उजाडले. लक्षश्लोकी म्हणून मिरवणारा ग्रंथ चिकित्सेनंतर पाऊण लाखाच्या आसपास उरला. परंतु महत्त्वाचे हे, की उरलेले फेकून दिले नाही. लहान क्षेपके तारांकित करून तळटीपेत दिली, मोठी परिशिष्टात नेली. वाचणाऱ्याला आजही ती सापडतात, आणि कोणत्या प्रतीने ती आणली हेही कळते.

दुसरे साधन मॉडचा क्रम लावून देते. त्यामागे स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे लिहिलेली यादी असते: अमुक मॉड तमुकाच्या नंतरच यावा, हे दोन एकत्र नांदत नाहीत, याला त्याचा जोडपाठ लागतो. जोडपाठ हा माझा शब्द. ते त्याला 'पॅच' म्हणतात. वरच्या दुकानदाराच्या नोंदीत पहिल्याचा चेहरा आणि दुसऱ्याचा दिनक्रम दोन्ही घेऊन जो तिसरा मनुष्य एक नवी, लहानशी फाइल रचतो, ती म्हणजे पॅच. संपादकाने दोन प्रतींतून निवड करून सिद्ध केलेला पाठ याहून वेगळा असतो का? तिसरे साधन मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. ते मूळ खेळाच्या फोल्डरला हातच लावत नाही. प्रत्येक मॉड स्वतंत्र कप्प्यात राहतो आणि खेळ चालू असेपर्यंतच सगळे कप्पे एकत्र असल्याचा आभास निर्माण केला जातो. खेळ बंद केला की मूळ पोथी जशी होती तशी. समासात लिहिण्याऐवजी निराळ्या कागदावर टिपण करून तो कागद पानात ठेवणाऱ्या वाचकाची ही वृत्ती आहे. आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील पुस्तकांचे समास पाहिले, की ही वृत्ती किती दुर्मीळ आहे ते कळते.

आता आपल्याकडे येऊ, कारण या प्रश्नाचा मराठीतला मूळ खटला गोदावरीच्या काठी चालला आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२, म्हणजे १२९० सालची. पुढची जवळजवळ तीनशे वर्षे ती हातांनी उतरवली गेली, मुखाने म्हटली गेली, आणि त्या ओघात तिच्यात भर पडत गेली. भर घालणारे दुष्ट नव्हते. कोणाला एखादा दृष्टान्त अपुरा वाटला असेल, कोणाला जुना शब्द श्रोत्यांना कळेना म्हणून बदलावासा वाटला असेल. कोणाच्या समासातले टिपण पुढच्या लेखनिकाने संहितेचा भाग समजून आत घेतले असेल. आजचा मॉडकार यापेक्षा निराळ्या हेतूने काम करत नाही. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, प्रती जमवून ग्रंथ शुद्ध केला आणि यापुढे कोणी त्यात ओवीची भर घालू नये, असे फार कडक शब्दांत बजावले. वारकरी परंपरेने ते मानले. ज्ञानेश्वरी स्थिर झाली.

नाथांच्या या कामाविषयी मला नितान्त आदर आहे. तरीही संपादनाच्या दृष्टीने एक गोष्ट खटकते, ती बोलून दाखवली पाहिजे. काय काढले, कोणत्या प्रतीतून घेतले, कुठे शब्द बदलला, याची नोंद नाथांनी आपल्यासाठी ठेवलेली नाही. ती ठेवण्याची त्या काळी रीत नव्हती, हे मान्य. पण परिणाम असा झाला, की शुद्ध ठरलेल्या संहितेच्या मागे जाण्याची वाटच बुजली. ती वाट पुन्हा शोधण्याचा प्रयत्न विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाड्यांनी केला, आणि तो आमच्या बीडशी निगडित आहे. बीडच्या पाटांगणावर त्यांना ज्ञानेश्वरीची एक पोथी मिळाली. ती एकनाथपूर्व आहे असे त्यांचे मत झाले. तिच्या आधारे १९०९ साली त्यांनी संहिता छापली आणि तिच्या भाषेचे व्याकरण लिहिले. पोथीच्या काळाविषयी पुढे अभ्यासकांत बराच वाद झाला. तो वाद इथे उकरण्याचे कारण नाही. मला एवढेच दाखवायचे आहे, की संपादकाने काढलेल्या गोष्टींची नोंद नसली, तर तीनशे वर्षांनी कोणाला तरी गावोगाव पोथ्या धुंडाळत फिरावे लागते.

आणि या ठिकाणी मॉडकारांच्या जगातला एक वाद आठवतो. 'स्कायरिम' मुळातच दोषांनी भरलेला होता. म्हणून काही जाणकारांनी 'अनधिकृत दुरुस्ती' या नावाने शेकडो चुका सुधारणारा एक मोठा संच रचला. तो इतका रूढ झाला, की इतर असंख्य मॉड तो गृहीत धरूनच लिहिले जातात. तो नसेल तर ते चालतच नाहीत. परंतु दुरुस्ती करता करता त्या मंडळींनी अशाही काही गोष्टी बदलल्या, ज्या चूक होत्या की मूळ निर्मात्याच्या मनातल्याच होत्या, हे सांगणे कठीण आहे. एका खाणीत निघणारे खनिजच त्यांनी बदलले. मूळ खेळात ते एक, दुरुस्तीत दुसरे. 'आम्ही चूक सुधारली' असे संपादक म्हणतात. 'तुम्ही तुमचे मत घुसवले' असे खेळाडू म्हणतात. हा वाद माझ्या दृष्टीने नाथांच्या संहितेवरील आक्षेपांपेक्षा जातकुळीने निराळा नाही. फरक असा, की इथे दोन्ही पाठ शेजारी ठेवून पाहता येतात, आणि हवा तो निवडता येतो. शुद्ध कशाला म्हणायचे हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. पण दडपलाही जात नाही.

आमच्या विद्यार्थ्यांपैकी फार थोड्यांकडे 'स्कायरिम' चालेल असा संगणक आहे. त्यांचे जग फोनचे, आणि तिथला त्यांचा लाडका खेळ इंडोनेशियातील 'मालेओ' या कंपनीचा 'बस सिम्युलेटर इंडोनेशिया'. हा खेळ २०१७ साली आला आणि त्यात बाहेरची वाहने घालण्याची मुभा आहे. आपल्याकडच्या हौशी मुलांनी त्यात काय आणावे? एस.टी.! लाल-पिवळी साधी गाडी, शिवशाही, शिवनेरी. जावा बेटावरच्या रस्त्यांवरून लालपरी धावते आहे, खिडकीबाहेर भलत्याच भाषेतल्या पाट्या आहेत, आणि गाडीच्या कपाळी आपल्या आगाराचे नाव. वर्गातल्या एका मुलाने हा प्रकार दाखवला तेव्हा मला तो गमतीदार वाटण्यापेक्षा ओळखीचा वाटला. गीता तीच ठेवून तिच्या रस्त्यावरून आपली मराठी चालवण्याचे काम आपण सातशे वर्षांपूर्वी केले आहे. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी तर 'गीतार्णव' सव्वा लाख ओव्यांचा केला. दुसऱ्याच्या ग्रंथात ओवी घुसवण्यापेक्षा स्वतःचा समुद्र वेगळा खणणे त्यांनी पसंत केले. मॉडकारांच्या परिभाषेत याला 'संपूर्ण रूपांतर' म्हणतात: यंत्र मूळचे, बाकी सगळे नवे.

या बसच्या खेळात एक भेद मुलांना अनुभवाने कळलेला आहे, तो साहित्याच्या विद्यार्थ्याने नीट समजून घ्यावा असा आहे. वाहनाचे मॉड पन्नास असले तरी खेळाचे फारसे बिघडत नाही. प्रत्येक गाडी स्वतंत्र फाइल. जी निवडाल ती रस्त्यावर येते, बाकीच्या आगारात उभ्या. फोनची जागा तेवढी भरते, आणि एखादे प्रतिमान फार बारकाव्याचे केलेले असले तर साध्या फोनचा दम उखडतो. परंतु कोणी खेळाची मूळ डेटा फाइलच बदलून रस्ते, आवाज आणि वाहतूक बदलणारी दुसरी फाइल तिच्या जागी ठेवली, की गोष्ट वेगळी होते. ती पुढे कोणत्याही नव्या आवृत्तीशी जुळेनाशी होते, आणि आवृत्ती अद्ययावत केली की सगळेच पुसले जाते. पहिला प्रकार गाथेचा आहे. निरनिराळ्या गाथांत तुकोबांच्या नावावरील अभंगांची संख्या जुळत नाही. तरी एक अभंग उपरा निघाला म्हणून शेजारचा अभंग कोसळत नाही. दुसरा प्रकार ज्ञानेश्वरीसारख्या सलग ग्रंथाचा. तिथे ओवी मागच्या ओवीचा हात धरून उभी असते. मध्ये कोणी घुसले तर अन्वय तुटतो. स्फुट रचना आणि प्रबंधरचना हा भेद आपण रसाच्या आणि छंदाच्या अंगाने शिकवतो. क्षेपक सोसण्याची ताकद या अंगानेही तो शिकवता येईल, आणि विद्यार्थ्याला तो पटकन कळेल.

खेळाडूंना छळणारी आणखी एक गोष्ट आहे, ती मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते. मॉड घालणे सोपे, काढणे कठीण. 'स्कायरिम'मध्ये शंभर तास खेळून जतन केलेल्या डावात प्रत्येक मॉडच्या सूचनांचे अवशेष मुरलेले असतात. मध्येच तो मॉड काढला, तर खेळ मूळ स्थितीला परत जात नाही. ज्याच्याकडून काम करून घ्यायचे तो नाहीसा झालेला, पण कामाची आज्ञा तशीच लोंबकळत राहिलेली, अशी दशा होते. डाव तत्काळ मोडतोच असे नाही. वीस तासांनी, भलत्याच ठिकाणी मोडतो, आणि कारण सापडत नाही. म्हणून जाणते लोक सांगतात, की काढायचे असेल तर डाव नव्याने सुरू करा. क्षेपकांचे असेच आहे. एखादी ओवी प्रक्षिप्त ठरवून संहितेतून काढता येते. पण तोवर तिच्यावर निरूपणे झालेली असतात, ती म्हणत माणसे लहानाची मोठी झालेली असतात, इतर ग्रंथांनी तिचा आधार घेतलेला असतो. संहिता शुद्ध होते. परंपरेचा जतन केलेला डाव होत नाही, आणि परंपरेला डाव नव्याने सुरू करण्याची सोय नाही.

आमच्या व्यवसायात जे नव्या सिद्धान्तांचे प्रेमी आहेत, ते मॉडचा विषय निघाला की लगेच १९६७ सालचे रोलां बार्थ काढतात. लेखक मेला, वाचक जन्मला, आता खेळाडूच निर्माता झाला, असा एकूण सूर. हे ऐकायला बरे वाटते. पण दीडशे मॉडांचा डाव रात्री दोन वाजता बंद पडल्यावर एकेक मॉड काढून पुन्हा चालू करून पाहणाऱ्या मुलाला आपण निर्माता झाल्याची धुंदी चढलेली नसते. तो त्या वेळी लेखनिक असतो, प्रती ताडणारा असतो, संपादक असतो. निर्मितीच्या गौरवात आपण हे कष्टाचे, बिननावाचे काम नेहमी खाली ढकलले आहे. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात कवींना प्रकरणे मिळाली आणि संपादकांना तळटीपा. 'स्थिर' हा शब्द त्या मुलाच्या तोंडी येतो तेव्हा त्याला जडपणा अभिप्रेत नसतो. अनेकांची भर एकत्र नांदेल आणि तरी खेळ शेवटापर्यंत जाईल अशी व्यवस्था अभिप्रेत असते. वाचकस्वातंत्र्याच्या घोषणेपेक्षा ही गोष्ट मला अधिक प्रौढ वाटते.

अर्थात या जगातही आळस आहेच. दुसऱ्याने जुळवलेली पाचशे मॉडांची सिद्ध यादी एका कळीसरशी उतरवून घेण्याची सोय आता झाली आहे. कोणता मॉड काय करतो हे न कळता सगळे चालते, आणि बिघडले की काहीच कळत नाही. गाइडवरून परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्याची जी गत पुरवणी प्रश्नाला होते, तीच.

पण या सिद्ध याद्यांनीच एक असा प्रश्न उभा केला, ज्याचे उत्तर मला अजून नीट देता येत नाही. 'नेक्सस मॉड्स' हे मॉडांचे सर्वांत मोठे भांडार. एखाद्या मॉडकाराने आपले काम तिथून काढून टाकले, की त्यावर अवलंबून असलेल्या शेकडो याद्या मोडत. म्हणून जुलै २०२१ मध्ये त्या भांडाराने जाहीर केले, की यापुढे मॉड कायमचा पुसता येणार नाही; मॉडकाराने काढला तरी तो मागे जतन राहील, आणि याद्यांना मिळत राहील. ज्यांना हे मान्य नसेल त्यांना सुमारे महिन्याची मुदत दिली. अनेक नामवंत मॉडकारांनी त्या मुदतीत आपले सगळे काम काढून घेतले. ज्यांनी वर्षानुवर्षे फुकट दिले, त्यांचा परत घेण्याचा हक्क गेला. आणि तो वापरून पाहायची शेवटची संधी त्यांनी दवडली नाही. संपादक म्हणून विचार केला तर भांडाराचा निर्णय मला योग्य वाटतो. जतन झालेच पाहिजे. पुरावा नष्ट करण्याचा अधिकार कोणालाही नसावा. पण आपल्या पोथ्यांतले क्षेपककार अनामिक होते म्हणून हा प्रश्न आपल्यापुढे कधी आला नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. घुसडलेल्या ओवीचा कर्ता नाव-गावासह समोर उभा राहून 'माझी ओवी मला परत द्या' म्हणाला असता, तर आपण काय केले असते?

आणि मूळ ग्रंथच पायाखालून हलला तर? 'फॉलआउट: लंडन' हा 'फॉलआउट ४' वर रचलेला प्रचंड मॉड स्वयंसेवकांनी कित्येक वर्षे खपून केला. तो २३ एप्रिल २०२४ रोजी यायचा होता. दोन दिवसांनी, २५ एप्रिलला, मूळ कंपनीने खेळाची नवी आवृत्ती आणण्याचे जाहीर केले. ती आली, की पायाच बदलणार! प्रकाशन पुढे ढकलावे लागले. अखेर २५ जुलैला मॉड बाहेर आला, आणि तो चालवायचा तर खेळाडूने आपला खेळ आधी जुन्या आवृत्तीवर न्यायचा, अशी तजवीज करावी लागली. नव्या आवृत्तीपेक्षा जुनी प्रत अधिक ग्राह्य, असे लाखभर रुपयांच्या यंत्रावर बसलेली मुले म्हणत होती. पाटांगणावरची पोथी हाती धरून राजवाडे याहून वेगळे काय म्हणत होते?

आमच्याकडे एम.ए.च्या शेवटच्या सत्रात लघुप्रबंध असतो. गेल्या काही वर्षांत त्याचे विषय पाहिले तर ग्रामीण कथा, दलित आत्मकथने, एखाद्या स्थानिक कवीची कविता यांच्यापलीकडे फारसे जात नाहीत. पाठचिकित्सेवर एकही नाही. एस.टी.च्या मॉडची एखादी फाइल किती हातांतून गेली, कोणी रंग बदलला, कोणी आगाराचे नाव बदलले, कोणी मूळ कर्त्याचे नाव पुसून आपले घातले, याची वंशावळ लावण्याइतके साहित्य त्या मुलाच्या फोनमध्ये आजच आहे. त्याने तसा विषय मांडला तर त्याला 'हे वाङ्मय नाही' असे सांगून परत पाठवले जाईल, ही मला खात्री आहे. मी मात्र त्याला तो विषय मांडायला सांगितला आहे, आणि सुरुवातीला सुकथनकरांची आदिपर्वाची प्रस्तावना वाचायला दिली आहे. इंग्रजीत आहे म्हणून तो कुरकुरला. वाचतो आहे.